पेवातली फ्रेंच बाटली

दिगूअप्पांच्या ओसरीवर मी आजवर एकदाही गरम चहा प्यालेलो नाही. चहा येतो गरमच, चांगल्या वाफा निघत असतात. पण आपण कपाला हात घातला रे घातला की अप्पा तळहात आडवा धरतात. "थांबा सर. वारं लागू द्या त्याला." मग ते स्वतःचा कप गोल गोल फिरवतात, उजेडाकडं धरून तिरका करतात, नाक आत खुपसतात आणि डोळे मिटून बसतात. आपण पाहुणे, आपणही बसायचं. चहावर साय धरते, एखादी माशी येऊन बघून जाते, आणि मग अप्पा डोळे उघडून म्हणतात, "हां. आता उघडला."

उघडला म्हणजे गार झाला. हे मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगतो.

मी मूळचा येडशीचा. बदलीनं माकणीच्या हायस्कुलात आलो आणि घर मिळालं ते नेमकं अप्पांच्या भिंतीला भिंत लागून. हा वारं लावायचा प्रकार चहावर थांबला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण ताक, कढी, उसाचा रस, खोकल्याचं औषध, सगळ्याला वारं. माणसंसुद्धा सुटत नाहीत. एकदा बांधावरून जुंपलेले दोन सख्खे भाऊ काठ्या घेऊन अप्पांकडं न्याय मागायला आले. अप्पांनी दोघांना ओसरीच्या दोन टोकांना बसवलं, "वारं लागू द्या" म्हणाले आणि स्वतः खुशाल शेतात निघून गेले. दोन तासांनी परत येऊन बघतात तर दोघं भाऊ मधोमध बसून एकाच ताटात पिठलं-भाकरी खातायत आणि मिळून अप्पांना शिव्या घालतायत. भांडण मिटलं ते मिटलंच. अप्पा अजून सांगतात, "लई कडक माल होता सर, पण उघडला."

याचं मूळ मुंबईत आहे. अप्पा तरुणपणी तिकडं गेले ते एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला. तिथून टेबलं पुसणं, तिथून ताटं वाढणं, आणि शेवटी वाइन वाढणाऱ्यांतले मुख्य. तिथल्या एका फ्रेंच आचाऱ्यानं त्यांना हाताशी धरून शिकवलं. जुनी वाइन वर्षानुवर्षं बाटलीत कोंडलेली असते. बूच काढल्या काढल्या ओतली तर तिचा ना वास धड, ना चव. काचेच्या रुंद भांड्यात काढून तिला हवा द्यायची, म्हणजे ती हळूहळू मोकळी होते. "पयल्यांदा गप असते," अप्पा सांगतात. "मग अंग चोरते. मग बोलाय लागते. आन् एकदा बोलून झाली की कायमची गप. मधली वेळ धरायची. तेवढंच आमचं काम, पण तीस वर्षं लागली शिकाया."

गावाला यातलं काहीएक पटत नसे. गावाच्या मते अप्पा मुंबईत पेले विसळत होते आणि बाकीच्या सगळ्या बढाया होत्या. तोंडावर कुणी बोलत नसे, पण अप्पा पारावरून गेले की मागं कुणीतरी पाण्याचा तांब्या गोल गोल फिरवून दाखवी आणि हशा होई. अप्पांना ते ठाऊक होतं.

नोकरी सुटली तेव्हा त्या आचाऱ्यानं त्यांना तीन जुन्या फ्रेंच बाटल्या दिल्या. अप्पांनी त्या घरच्या पेवात ठेवल्या. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. आत अंधार, गारवा, बारा महिने एकसारखा. आता त्यात ज्वारी कुणी ठेवत नाही, त्यामुळं फ्रेंच बाटल्यांची छान सोय झाली.

पहिली बाटली अप्पांच्या आईनं संपवली. म्हातारीला जेवणानंतर द्राक्षासव लागे. कुणीतरी पेवातून बाटली काढून दिली, आणि म्हातारीनं ती रोज दोन चमचे, बरोबरीनं पाणी घालून, महिनाभर घेतली. अप्पांना कळलं तेव्हा बाटलीच्या तळाशी गाळ उरला होता. म्हातारी म्हणाली, "मागल्या बाटलीपरीस ही बरी हाय रं. पोट साफ ऱ्हातंय." अप्पा दोन दिवस जेवले नाहीत.

दुसरी त्यांनी गावातल्या द्राक्षबागवाल्यांसाठी मोठ्या हौसेनं उघडली. "ही बोर्दोची," एवढं म्हणायचा अवकाश, पाचही जणांनी पेले खाली ठेवले. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, ते बागेवर फवारतात. अप्पांनी समजावलं की बोर्दो हा फ्रान्सातला मुलूख, ते औषध निघालं तिथंच, म्हणून त्याला ते नाव. "मंग तर न्हाईच पेणार," असं म्हणून सगळे उठून गेले.

राहिली तिसरी. आणि अप्पा ती काही केल्या उघडेनात. कुणी विचारलं की म्हणायचे, "अजून येळ झाली न्हाय तिची." मला खरं कारण अपघातानं कळलं. एका सकाळी मी शाळेला निघालो तर अप्पांच्या घरातून जळक्या दुधाचा वास येत होता. आत धावलो. दूध उतू जाऊन, करपून, पातेलं काळं ठिक्कर पडलेलं, आणि दोन हातांवर अप्पा निवांत पेपर वाचतायत. मी गॅस बंद केला. अप्पांनी पातेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि माझं मनगट धरलं.

"करोनात गेलं सर नाक. परत आलंच न्हाय. घरात कारभारणीला, रुक्मिणीला ठाव हाय, आन् आता तुमाला. कुणाला सांगू नका."

म्हणजे तो चहा, तो कप फिरवणं, ते डोळे मिटणं! अहो, माणूस कोऱ्या कागदाचं वाचन करत होता इतकी वर्षं. मला हसू यायला हवं होतं, पण मी करपलेलं पातेलं उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

हे असंच झाकून राहिलं असतं, पण धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात आमच्याकडं जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, आणि तेवढा महिना जावई म्हणजे साक्षात विष्णू. सरपंचांचे जावई नाशिककडं वाइनच्या कारखान्यात होते. रोज वाइन चाखणं हीच त्यांची नोकरी. सासऱ्यांनी कौतुकानं अप्पांच्या बाटलीचा विषय काढला. जावईबापूंनी साल विचारलं, पेवाचं ऐकलं आणि हसले. "ती केव्हाच मेली असणार. उघडून बघा, व्हिनेगर निघेल."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. अप्पांच्या बाटलीत शिरका आहे म्हणे! दुसऱ्या दिवशी सरपंच स्वतः ओसरीवर आले. "अप्पा, एकदाचा निकाल लागू द्या. रविवारी चार वाजता. धोंड्याचा महिना हाय, आमी कुणी पेणार न्हाय, पण वास घ्यायला काय बंदी न्हाय."

वास! नेमका वासच! मी अप्पांना बाजूला घेऊन म्हणालो, तब्येतीचं कारण सांगा. ते म्हणाले, "सर, आता माघार घेतली तर तीस वर्षं म्या पेलेच विसळले असं ठरंल." मग आम्ही दोघांनी एक लबाडी ठरवली. मी शेजारी बसून वास घ्यायचा. बिघडलेला असला तर दोनदा खोकायचं, चांगला असला तर एकदा. माझं नाक प्रयोगशाळेत वाढलेलं. अमोनिया आणि सडक्या अंड्यांचा वायू यापलीकडं मला काही ओळखता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

रविवारी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बाटली दोन दिवस आधीच उभी करून ठेवलेली, गाळ तळाला बसावा म्हणून. अप्पांनी बूच काढायला घेतलं तर ते भुसभुशीत होऊन आतच मोडलं. गर्दीतून "गेली!" असा आवाज आला. अप्पा शांत. रुक्मिणकाकूंनी बुचाचा भुगा गाळायला धुतलेलं मलमल दिलं, मी शाळेतून सपाट बुडाचा काचेचा चंबू आणलेला होता. अप्पांनी बाटलीच्या मानेखाली मोबाइलची बॅटरी धरायला लावली आणि इतक्या सावकाश ओतलं की धार सुतासारखी पडत होती. गाळ मानेपर्यंत आला त्या क्षणी हात थांबला. तो हात बघून जावईबापू जरा सरसावून बसले, हे मी पाहिलं. पेले विसळणाऱ्याचा हात नव्हता तो.

रंग विटकरी होता. जावईबापूंनी पेल्यात नाक घातलं आणि तोंड वाकडं केलं. "बुरशी. खुराड्याचा वास. सॉरी अप्पा, संपलीय."

सरपंचांचा चेहरा खुलला. अप्पा म्हणाले, "वारं लागू द्या."

"इतक्या जुन्या वाइनला जास्त हवा लागली तर ती अजून लवकर मरते," जावईबापू म्हणाले. "मिनिटांचा खेळ असतो." आणि ते चुकीचं बोलत नव्हते. अप्पांनीच तर मला तसं शिकवलं होतं. मधली वेळ धरायची. पण धरणार कशानं?

सगळे माझ्याकडं बघत नव्हते, पण मला तसं वाटत होतं. मी वाकून वास घेतला. काही कळलं नाही. घाबरून खोकलो, एकदा. मग खरोखरच ठसका लागला आणि मी सहा-सात वेळा खोकलो. कुणीतरी मला पाणी आणून दिलं.

अप्पा माझ्याकडं बघून हसले. मग त्यांनी पेला खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "राहू द्या सर. लबाडी न्हाय करायची हिच्यापुढं. ऐका हो मंडळी, माझं नाक करोनातच गेलंय. मला फुलाचा बी वास येत न्हाय आन् घाणीचा बी न्हाय. तुमी हसायचं ते हसून घ्या." कुणीच हसलं नाही. "पण ह्या घरात एक नाक शाबूत हाय. रुक्मिण, भायेर ये."

काकू दारातच उभ्या होत्या. आयुष्यात ज्या बाईनं दारूच्या थेंबाला हात लावला नाही, त्या डोक्यावरचा पदर सारखा करून भर गर्दीत चंबूपाशी येऊन बसल्या. वाकल्या.

"न वाळलेल्या गोधडीचा वास येतोय."

"थांब," अप्पा म्हणाले आणि चंबू हलकेच फिरवला. थोड्या वेळानं, "आता?"

"गोधडी गेली. आता वाळलेल्या बोरांचा."

"आता?"

"खारीक. आन् पानाच्या डब्यातला कात." काकू थांबल्या. मग पुन्हा वाकल्या, आणि यावेळी बराच वेळ वर आल्या नाहीत. वर आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "हाच. ह्याच्या म्होरं नगा जाऊ. आता द्या त्यास्नी."

अप्पांनी क्षणाचाही विचार केला नाही. पेला भरून जावईबापूंच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला. परत घेतला. घोटभर तोंडात धरला, आणि रोज चाखून थुंकणारा तो माणूस तो घोट गिळून पेल्याकडं बघत राहिला. सरपंच कुजबुजले, "काय झालं बापू? बाधलं का?"

जावईबापू उठले आणि वाकून अप्पांच्या पायाला हात लावला. धोंड्याच्या महिन्यातल्या जावयानं! सरपंच "अहो, अहो" करत राहिले. "अप्पा, मी उभ्या आयुष्यात अशी वाइन प्यालो नाही," जावईबापू म्हणाले. "मी हिला मेलेली म्हणालो." आणि मग काय विचारता! टाळ्या, शिट्ट्या, पेला नाकापाशी न्यायला रांग. तांब्या फिरवून नक्कल करणारे सगळ्यांत पुढं. प्रत्येकाला खारीक आणि कात यायला लागला. मलासुद्धा आला, शपथ घेऊन सांगतो. मी तर ओरडतच होतो, का ते आता आठवत नाही.

जरा गलका शमल्यावर जावईबापू काकूंपाशी बसले. "काकू, नेमकी ती वेळ कशी कळली तुम्हाला? आमच्याकडं शिकून आलेल्यांना जमत नाही."

"शिकायचं काय त्यात, जावईबापू," काकू संकोचून म्हणाल्या. "हे मुंबईला असायचे. पोळ्याला आन् दिवाळीला तेवढं यायचे. येताना कामावरचा कोट धुवायला आणायचे. त्याच्या बाहीला हाच वास असायचा. म्या बॅग दोन-तीन दिस तशीच ठिवायचे. धुतला की वास जायचा, आन् मंग हे बी जायचे."

अप्पा एकदम वळले. "आगं, मला वाटायचं तू रुसलीयास. कोपऱ्यात बॅग तशीच, हात बी लावत न्हाय म्हणून. तीस वर्षं म्या तसंच समजत व्हतो. कामून बोलली न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?"

अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले, भर ओसरीवर, कुणाची पर्वा न करता. मग चंबूतला उरलेला घोटभर पेल्यात ओतला, काकूंच्या पुढ्यात बसले आणि पेला त्यांच्या नाकापाशी धरला.

"सांग," ते म्हणाले. "म्या कसा यायचो घरी, ते सांग."