ताऱ्याला दिलेले चार हात

पेणमध्ये गणपती रंगवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी नाही, लोक म्हणतात. मी फक्त मान डोलावतो. चार इंचांच्या मूर्तीचे डोळे एका दमात आखणाऱ्या माणसाला एका ताऱ्याचा फोटो काय अवघड?

हा तारा मला आमच्या आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपने नेमून दिलेला. मुळातच अंधूक, त्यात उजेड सारखा कमी-जास्त होणारा. फोटो काढायचा, त्यातल्याच शेजारच्या, कधी न बदलणाऱ्या ताऱ्याशी त्याचा उजेड ताडायचा आणि आकडा ग्रुपवर टाकायचा, एवढंच काम. माझे आधीचे दोन आकडे ग्रुपच्या नम्रता मॅडमनी नापास केले होते. तिसरा चुकला तर तारा रोह्याच्या रितेशला. हा रितेश कंपनीत शिफ्ट करतो, बोलायला फार गोड, आणि माझ्या ताऱ्यावर त्याचा पहिल्यापासून डोळा. तारा रोह्याला जाणार या विचाराने मला जेवण जाईना.

त्या रात्री शेजारच्या वडखळ गावाचा उजेड पाठीशी घेऊन मी गच्चीवर दुर्बीण लावली. तिला कॅमेरा जोडून, अर्धा मिनिट उजेड आत घेत फोटो काढला. तारा कसला, नुसता मळकट ठिपका. आता रंग फिका वाटला की आम्ही कारखान्यात काय करतो? अजून एक हात देतो. एक मिनिट दिलं. बरा दिसला. दोन दिली. छान दिसला. चार दिली, तेव्हा तारा असा उठून आला की मी स्वतःलाच शाबासकी दिली. आकडा काढला तर गेल्या आठवड्यात शेजाऱ्याच्या पासंगालाही न पुरणारा तारा आता त्याच्या बरोबरीला!

मी ग्रुपवर लिहिलं, "तारा भडकला. पेणहून महिपती."

नाशिक-सांगलीची माणसं अंथरुणातून उठून गच्चीवर पळाली. रितेशचा फोन आला.

"भाऊ, किती वेळ दिला?"

"चार मिनिटं. तुला नाय जमायचं."

त्याने सहा दिली. वीस मिनिटांत ग्रुपवर त्याचा निरोप, "रोह्यात पेणपेक्षा जास्त भडकलाय."

मग मॅडमचा फोन. "महिपतीभाऊ, बाकी अकरा जणांना तारा मंदच दिसतोय. फक्त पेण आणि रोह्यातच कसा भडकला?"

"आमच्याकडची हवा चांगली हाय, मॅडम."

माझी बायको सरू मला झोपायला बोलवायला वर आली होती. कारखान्यात मूर्तींना पहिला पांढरा हात तीच देते. लॅपटॉपवरचे चारही फोटो तिने निरखले आणि फोनजवळ वाकली.

"मॅडम, मी सरू, ह्यांची बायको. तो शेजारचा तारा दुसऱ्याच फोटोत पांढराफेक झालाय. पांढऱ्यावर कितीबी हात मारा, अजून पांढरं काय होनार? तो तितंच ऱ्हायला आनि ह्यांचा चढत गेला. पयला फोटो तेवढा बरोबर हाय."

मग मॅडम म्हणाल्या, "सरूताई, पहिल्या फोटोचा आकडा तुम्हीच पाठवता का?"

मी बटणं दाखवली, तिने आकडा पाठवला. पास झाला. मला आनंद झाला, पण खोटं कशाला सांगू, थोडं दुखलंही.

तारा पेणलाच राहिला. यादीत निरीक्षक म्हणून सरूचं नाव आहे, आणि खाली माझं, दुर्बीण गच्चीवर नेणारे म्हणून. रितेश अजूनही रोज फोन करतो. मी उचलला की म्हणतो, "भाऊ, वहिनींना द्या ना. सेकंद इचारायचेत."