पॉइंटांचा उद्धार

मनुष्याच्या आयुष्यात दोन प्रकारच्या रात्री असतात. पात्र आणि अपात्र.

पात्र रात्र म्हणजे साखळीतल्या हॉटेलात, पूर्ण दर भरून, सदस्य क्रमांक सांगून काढलेली रात्र. बाकीच्या सगळ्या अपात्र. त्यात स्वतःच्या घरी काढलेल्या आल्या, सासुरवाडीला काढलेल्या आल्या, इस्पितळात खुर्चीवर बसून काढलेल्या आल्या, आणि लग्नानंतरची पहिली रात्रही आली (ती हॉटेलात झाली असून बिल सासऱ्यांनी भरलं असल्यास नियम सहा-ब पाहावा). ही वर्गवारी माझी नाही. ती एका हॉटेल-साखळीच्या सदस्य-पुस्तिकेत दिलेली आहे आणि ती पुस्तिका माझ्या भाऊजींच्या उशाशी असते.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान (आम्ही सगळे एकाच घरात राहतो). व्यवसायाने लिफ्ट-तपासनीस. गावोगावच्या इमारतींत जायचं. लिफ्ट वर जाते का, गेल्यास खाली येते का, आणि मध्येच अडकल्यास आतली घंटा बाहेर कुणाला ऐकू येते का, हे पाहून सही करायची. या कामापायी वर्षातल्या साठेक रात्री बाहेर. दुसरा एखादा कुरकुरला असता. भाऊजींनी त्या रात्रींचं सोनं केलं. खरं तर आधी पितळ केलं, मग चांदी, मग सोनं. दहा पात्र रात्रींना पितळ, पंचविसांना चांदी, चाळिसांना सोनं आणि साठांना प्लॅटिनम अशी ती व्यवस्था आहे. एकतीस डिसेंबरला रात्रींचा हिशेब संपतो आणि एक जानेवारीला सगळ्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. माणूस दर वर्षी नव्याने कुणीही नसतो, हे अध्यात्म इतक्या सोप्या भाषेत दुसरीकडे मिळणार नाही.

सोन्याच्या सदस्याला मिळणारे मान असे : पाण्याची एक जादा बाटली, स्वागताचं सफरचंद, व्यवस्थापकाच्या छापील सहीचं पत्र आणि उंच मजल्यावरची खोली (उपलब्ध असल्यास). दिवसभर लिफ्टमधले दोष पाहून आलेल्या माणसाला अकराव्या मजल्यावर पाठवणं हा सन्मान की शिक्षा, याबद्दल पुस्तिका गप्प आहे. भाऊजी जिन्याने जात.

या सदस्यत्वाचा आमच्या कुटुंबाला झालेला लाभ मोठा आहे. गेल्या अकरा वर्षांत आमच्याकडे कुणी साबण विकत घेतलेला नाही. आमच्या वड्या काडेपेटीएवढ्या असतात आणि एक वडी बरोबर एका अंगाला पुरते (डोकं वेगळं). आईच्या फ्रिजमध्ये उरलेल्या भाजीच्या वाटीवर झाकणाऐवजी अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी असते. बाहेरचा माणूस फ्रिज उघडून दचकतो. आम्हाला मात्र टोपी न घातलेली भाजी उघडी-वाघडी वाटते.

परंतु साबण वगैरे किरकोळ. खरी कमाई म्हणजे पॉइंट, आणि ते वाढवण्याचं एक शास्त्र आहे. एका शहरात साखळीची दोन हॉटेलं समोरासमोर आहेत. प्रत्येक नव्या आगमनाला पाचशे पॉइंट असल्यामुळे भाऊजी तिथल्या चार दिवसांच्या कामात रोज सकाळी बॅग उचलून रस्ता ओलांडत. दुसऱ्या दिवसापासून दोन्हीकडचे दरवान त्यांना बघून हसू लागले आणि चौथ्या दिवशी एकाने दुसऱ्याला हात करून, ‘निघालेत’ असं कळवलं. खोली साफ करायला नकार दिल्यास पर्यावरणाच्या नावाने तीनशे पॉइंट मिळतात. मग पाच-पाच दिवस तोच टॉवेल. पाचव्या दिवशी तो वाळत घालावा लागत नसे, कोपऱ्यात उभा केला तरी चाले. मुक्काम संपल्यावर अकरा प्रश्नांचं अभिप्राय-पत्र भरलं की आणखी शंभर. याची भाऊजींना इतकी सवय झाली की एकदा घरी जेवून उठताना ते म्हणाले, “जेवण अपेक्षेप्रमाणे होतं.”

“दहापैकी किती?” ताईने विचारलं.

“आठ.”

“मग उरलेल्या दोनाचं उद्या तुम्ही करून वाढा.”

साखळीचं ॲप मराठीतही आहे. ज्याने त्याचं भाषांतर केलं त्याला मराठी येत असावं, पण मराठी माणसं फारशी भेटलेली नसावीत. पॉइंट वापरून फुकट खोली घेण्यासाठी त्यात एक हिरवं बटण आहे आणि त्या बटणावर लिहिलंय : उद्धार करा. आमच्या घरात या शब्दाचा एकच अर्थ चालतो. कुणी दूध उतू घालवलं की आई त्याचा उद्धार करते. त्यामुळे ‘पॉइंटांचा उद्धार’ हे शब्द आईने पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती म्हणाली, “करा हो जावईबापू, चांगला करा. त्यांच्याच पायी तुम्ही घरी नसता.”

भाऊजींनी ते बटण अकरा वर्षांत एकदाही दाबलं नाही. त्यांचा सिद्धान्त होता : पॉइंट खर्च करतं ते गिऱ्हाईक, साठवतो तो सदस्य. शिवाय फुकटची रात्र अपात्र असते (नियम चौदा). म्हणजे पॉइंट वापरून कुठे जाणं यात दुहेरी नुकसान. पॉइंट जातात ते जातात, वर जी रात्र कुठेतरी पात्र झाली असती ती वाया. या तर्कात खोट काढायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. खोट सापडत नाही, नुसतं गरगरतं.

आता चिमणीकडे येऊ. चिमणी म्हणजे माझी भाची. वय वर्षं नऊ. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. तिने तो काढलेला मात्र होता : निळ्या खडूने, खालच्या अर्ध्या कागदावर, आणि त्यात एक लिफ्ट (तिच्या मते सगळ्या मोठ्या गोष्टींना लिफ्ट असते). तिला डिसेंबरअखेर दहा दिवसांची सुट्टी होती. ताई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर लोकांच्या नळाचं पाणी नळ्यांत भरून बघायचं, असं तिचं काम. तिलाही चार वर्षांत पहिल्यांदा त्याच दहा दिवसांची रजा मिळाली होती. भाऊजींचे दौरे एकवीस तारखेला संपत होते. समुद्रकाठी साखळीचं हॉटेल होतं. सात रात्रींना लागत दोन लाख ऐंशी हजार पॉइंट, आणि भाऊजींच्या खात्यात त्याहून थोडे जास्तच होते. तिघांच्या सुट्ट्या, खोली आणि पॉइंट एका रेषेत येण्याचा असा योग पुढे कधी येईल हे खगोलशास्त्रज्ञ सांगू शकतील, ताईच्या साहेबांना सांगता येत नव्हतं.

“जायचं ना?” ताईने विचारलं.

“बघू,” भाऊजी म्हणाले.

‘बघू’ हे ‘नाही’चं इस्त्री केलेलं रूप आहे. त्यात कुणीही काहीही बघत नाही. चिमणीला हे ठाऊक नसल्यामुळे तिने पोहण्याचा चष्मा घालून झोपायला सुरुवात केली.

अडचण अशी होती की भाऊजींच्या सत्तावन्न पात्र रात्री झाल्या होत्या. प्लॅटिनमला तीन कमी. अशा वेळी सामान्य माणूस हळहळून गप्प बसतो. भाऊजींनी बावीस तारखेला सकाळी बॅग भरली, दाढीचं सामान घेतलं, घरच्यांचा निरोप घेतला आणि ते आमच्या घरापासून साडेचारशे मीटरवर असलेल्या, साखळीच्या हॉटेलात तीन रात्रींसाठी राहायला गेले. ते चालत गेले. बॅगेला चाकं होती.

स्वागतिकेने नियमाप्रमाणे विचारलं, “प्रवास कसा झाला सर?”

“ठीक झाला. भाजीवाल्याच्या वळणावर जरा गर्दी होती.”

खोलीत सफरचंद होतं. पत्रही होतं : ‘घरापासून दूर, आपल्याच घरी आपलं स्वागत.’ खिडकीतून आमचा वाळत घातलेला चौकटीचा पलंगपोस स्पष्ट दिसत होता.

संध्याकाळी ताईने गॅलरीत उभं राहून फोन लावला. मी शेजारी होतो, म्हणून हे संभाषण अधिकृत समजावं.

“दिसतोय का मी?” भाऊजींनी पडदा हलवला.

“दिसताय. बनियन उलटं घातलंय.”

“खोली छान आहे गं. गादी मऊ आहे.”

“अहो, गॅसचा सिलिंडर संपलाय. येऊन लावून जाता का?”

“आत्ता बाहेर पडलो तर मुक्काम मोडेल का, ते पुस्तिकेत बघावं लागेल.”

“बघा. आणि त्या पुस्तिकेत हेही बघा, तुम्ही घरी नसलेल्या माझ्या रात्री कुठल्या खात्यात जमा होतात.”

“तुझं सदस्यत्व नाही ना,” भाऊजी कळवळून म्हणाले. “मी किती वेळा सांगितलं, फॉर्म भर.”

सिलिंडर मी लावला. चिमणी फोन घेऊन म्हणाली, “बाबा, तुम्ही घरी येणार ना?” भाऊजी म्हणाले, “येणार ना, बाळा.” चिमणीने पुढे विचारलं, “उपलब्ध असल्यास?” ती पुस्तिका वाचू लागली होती. तिची शाळा वाचनावर भर देते.

पंचवीस तारखेच्या सकाळी साठावी रात्र पात्र झाली. हॉटेलने छोटा समारंभ ठेवला होता. भाऊजींनी आम्हा सर्वांना बोलावलं. (सोबतच्या पाहुण्यांना बसण्याची सोय होती. चहा पात्र सदस्यांना.) व्यवस्थापक सूट घालून आले. प्लॅटिनमचं प्रमाणपत्र चौकटीत बसवलेलं होतं आणि चौकटीचा एक खिळा बाहेर आला होता. व्यवस्थापकांनी प्रमाणपत्राची डावी बाजू धरली, भाऊजींनी उजवी, दोघांनी उरलेले हात एकमेकांच्या हातात दिले. फोटो काढायला भाऊजींनी त्याआधीच स्वतःचा फोन, उघडून, ताईच्या हातात दिला होता.

अकरा वर्षांच्या काटेकोर नियोजनातली ही एकमेव चूक.

ताईने फोटो काढला. मग दुसरा काढला. मग ती म्हणाली, “हसत राहा, अजून एक,” आणि ॲप उघडून तिने ते हिरवं बटण दाबलं. समुद्राकडची एकच खोली शिल्लक होती. दोन मोठी माणसं, एक मूल, आजपासून सात रात्री. ॲपने विचारलं : नक्की उद्धार करायचा आहे? ताईने ‘होय’ दाबलं. फोनमधून टुणकन आवाज आला.

भाऊजींनी तो आवाज ओळखला. त्यांनी तो पूर्वी कधी ऐकलेला नव्हता, तरी ओळखला. त्यांना धावायचं होतं, पण उजवा हात व्यवस्थापकांच्या हातात होता, डावा चौकटीत, आणि व्यवस्थापक प्लॅटिनम सदस्यांचा हात नियमानुसार किमान सहा सेकंद धरतात.

“अगं, काय केलंस?”

“उद्धार.”

“सगळ्यांचा?”

“पंधराशे उरलेत. त्यात छत्री येते, असं लिहिलंय.”

“साहेब, हे परत...” भाऊजी व्यवस्थापकांकडे वळले.

“सर, एकदा उद्धार झाला की परत घेता येत नाही,” व्यवस्थापक अदबीने म्हणाले.

यावर भाऊजींनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून, “मला न विचारता...” एवढे तीन शब्द निघाले. त्यानंतर ताईने, त्याच ठिकाणी, चहाच्या टेबलाशेजारी, उभ्या उभ्या त्यांचाही उद्धार केला. हा मात्र आमच्या घरच्या अर्थाने. तो सुमारे चार मिनिटं चालला. त्यात अकरा वर्षं होती, चिमणीचे वाढदिवस होते, टॉवेल होता, उलटं बनियन होतं. स्वागतिका रडवेली झाली. शेवटी ताई म्हणाली, “गाडी साडेअकराची आहे. आम्ही दोघी जातोय. खोली तिघांची आहे. तुमचं तुम्ही बघू बघू करत बसा.”

भाऊजी चौकट हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी बॅग उचलली. ती भरलेलीच होती.

समुद्रावर पहिल्या दिवशी त्यांनी खोलीचा मजला, खिडकीची दिशा आणि सफरचंदाची अनुपस्थिती याबद्दल तीन तक्रारी नोंदवल्या. दुसऱ्या दिवशी एकच. तिसऱ्या दिवशी ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते, चिमणीने त्यांचा हात धरला होता, आणि लाट आली की दोघंही ओरडत होते. चिमणी एका पटीत, भाऊजी दोन पटींत (प्लॅटिनमला सगळं दुप्पट मिळतं). बऱ्याच वेळाने ते तिला म्हणाले, “इथे किती वाजेपर्यंत थांबता येतं?”

“बाबा,” चिमणी म्हणाली, “समुद्राला चेकआउट नसतं.”

ताई सांगते की त्यानंतर उरलेले चार दिवस त्यांनी ॲप उघडलं नाही. (मी हे पडताळलेलं नाही.)

जानेवारीत साखळीने समुद्राच्या खोलीचे पॉइंट जवळजवळ दुप्पट केले. तेव्हापासून भाऊजी कचेरीत सांगतात की त्यांनी पॉइंट नेमके आदल्या आठवड्यात मोकळे केले, आणि याला अंदाज लागतो. नवे तपासनीस त्यांचा सल्ला घ्यायला घरी येतात. भाऊजी त्यांना म्हणतात, वेळ ओळखा. ताई त्यांना चहा देते, आठ गुणांचा.

इथवर आपण माझ्या भाऊजींना हसलात. हरकत नाही, त्यांना सवय आहे. फक्त एक छोटं अभिप्राय-पत्र भरावं. त्यात प्रश्न एकच : आपल्या कामाच्या ठिकाणी आपल्या नावावर रजा किती शिल्लक आहे?

बघा, आकडा लगेच आठवला. कुठे शोधावासुद्धा लागला नाही. दर वर्षी थोडा वाढतो, आणि वाढला की बरं वाटतं. तो कुणासाठी साठवताय, तेही आठवेलच. घाई नाही. ते माणूस घरातच आहे, आणि त्याला आपण मागच्या आठवड्यातच सांगितलंय, बघू.