नऊ नंबरची फाईल

कानामात्रांनी सकाळी दात घासता घासता खिडकीतून पाहिलं, तर शेजारचे डॉक्टर दोन्ही घरांमधली भिंत टेपने मोजत होते. नजरानजर होताच डॉक्टरांनी टेप खिशात टाकली आणि उगाचच आभाळाकडे पाहिलं. काय मोजताय, असं विचारल्यावर "काही नाही, असंच," एवढंच उत्तर आलं.

कानामात्रांचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नसे. तेहतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. आता निवृत्तीनंतर ते दुकानांच्या पाट्या तपासत आणि माणसंही त्याच नजरेने वाचत.

"असंच कोणी भिंत मोजतं का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"जनावरांचे डॉक्टर आहेत ते. असेल काहीतरी काम," ती भाजी निवडत म्हणाली.

"भिंतीला काही ताप आलेला नाही."

आता त्यांना एकेक आठवू लागलं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी फाटकाबाहेर पडलेलं वर्तमानपत्र उचलून दिलं होतं. परवा आपणहून तब्येतीची चौकशी केली होती. पंधरा वर्षांत न केलेल्या गोष्टी माणूस एका आठवड्यात उगाच करत नाही. कानामात्रांनी सदरा चढवला आणि घराच्या कागदांची नक्कल काढायला थेट नोंदणी कचेरी गाठली.

तळमजल्यावर फॉर्म, पहिल्या मजल्यावर शिक्का आणि पुन्हा तळमजल्यावर रेकॉर्ड रूम, असं करत ते खिडकीशी पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. बोटाला रबरी टोपी घातलेल्या बाईंनी रजिस्टर चाळलं आणि नऊ नंबरची फाईल बाहेर गेल्याचं सांगितलं. सकाळीच कुणीतरी वाचायला घेतली होती. कानामात्रांनी मान वाकडी करून सही पाहिली. डॉक्टरांची.

माझ्या घराची फाईल परक्याच्या हातात देताच कशी, असं त्यांनी विचारलं. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या की रेकॉर्ड सगळ्यांना खुलं आहे, तुम्हीही कुणाचीही फाईल मागू शकता.

"मग दहा नंबरची द्या," कानामात्रा म्हणाले. दहा नंबर म्हणजे डॉक्टरांचं घर.

फाईल आली. त्यांनी चष्मा पुसला आणि सवयीप्रमाणे एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचायला घेतलं. मालक म्हणून डॉक्टरांचं नाव होतं, ते ठीकच होतं. खाली घराचं वर्णन होतं: पुढे तीन पायऱ्या, मागच्या अंगणात विहीर. बोट विहिरीवरच थांबलं. डॉक्टरांच्या अंगणात विहीर नव्हती. विहीर कानामात्रांची होती, तीन पायऱ्याही त्यांच्याच. हा माणूस हातभर भिंतीच्या मागे आहे असं त्यांना वाटत होतं, आणि त्याने तर विहिरीसकट अख्खं घर गिळलं होतं.

डॉक्टर आतल्या टेबलाशी नऊ नंबरची फाईल उघडून बसले होते. कानामात्रांना पाहताच तेच आधी उठले.

"बरे सापडलात. तुमच्या कागदांवर माझा गच्चीचा जिना कसा आला?"

"आधी तुमच्या कागदांवर माझी विहीर कशी आली ते सांगा."

दोघांचे आवाज चढले तशा बाई बाहेर आल्या. त्यांनी दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या, आतून एक जुनं रजिस्टर आणलं आणि बोटाच्या टोपीने दोन ओळी दाखवल्या. चाळीस वर्षांपूर्वी जुनं रजिस्टर नव्यात उतरवताना कुणीतरी नऊ आणि दहा या ओळींची अदलाबदल केली होती. त्यामुळे कागदोपत्री कानामात्रा डॉक्टरांच्या घरात राहत होते आणि डॉक्टर कानामात्रांच्या.

भिंतीचाही उलगडा झाला. डॉक्टरांना आजारी कुत्र्यांसाठी भिंतीलगत शेड बांधायची होती आणि भिंत नेमकी कुणाची ते पाहायला ते आले होते. विचारलं असतं तर कानामात्रांनी दहा हरकती काढल्या असत्या, म्हणून विचारलं नव्हतं.

चूक सुधारणं सोपं होतं. आपल्या नावावरचं घर शेजाऱ्याचं आहे, असं दोघांनी लिहून द्यायचं. पण आधी सही कुणी करायची? मी केली आणि यांनी केलीच नाही तर दोन्ही घरं यांचीच, असं दोघांच्याही मनात आलं. बाईंनी एकदम सह्या करायला सांगितलं, तर दोघंही पेन टेकवून एकमेकांच्या पेनाकडे बघत बसले. शेवटी खिडकी बंद झाली. दोघं रस्त्याच्या दोन कडांनी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे खिळा ठोकल्याचा आवाज आला. कानामात्रांनी ताबडतोब बाहेर येऊन माझ्या भिंतीला भोकं पाडू नका म्हणून बजावलं. डॉक्टरांनी उत्तर दिलं ते चार दिवसांनी, अवकाळी सर पडून गेल्यावर. दारात उभं राहून त्यांनी अदबीने सांगितलं, "गच्ची गळतेय. मालकांच्या कानावर घालावं म्हणून आलो."

दार लावून कानामात्रा स्वतःच्या घरात बिघाड शोधू लागले. डॉक्टरांच्या गळ्यात मारण्यासारखं काहीतरी सापडायला हवं होतं. पण घर त्यांनी डोळ्यांत तेल घालून राखलेलं. एक फरशी हलत नव्हती, एक कडी कुरकुरत नव्हती.

"असं नीटनेटकं घर ठेवून काय मिळालं?" ते बायकोवरच वैतागले.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आत ते खिडकीशी हजर होते. डॉक्टर येण्याआधीच त्यांनी सही ठोकून टाकली. तासाभराने डॉक्टर सावकाश आले, त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. मग बाईंना विचारलं, की नोंद प्रत्यक्ष बदलायला किती दिवस लागतील.

"सहा महिने तरी धरा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि कानामात्रांच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे हा पावसाळा तुमच्याच नावावर."