चंपीची दोन मिनिटं

शेजारच्या देवरावभाऊंकडे विरजण मागायला गेलं, तर दारात वाघ येतो. दार भाऊच उघडतात, पण बोलतो तो त्यांच्या उजव्या हातावरचा कापडी वाघ. मान तिरकी करून, घोगऱ्या आवाजात. "काऊन ताई, आजबी दही नाई लागलं काय?" वयाच्या सत्तरीत वाघाकडे वाटी पुढे करायची वेळ आली, तेव्हा मला पहिल्यांदा असा काही धक्का बसला की मी वाटी उंबऱ्यावर ठेवून परत आले. वाघाने मागून हाक मारली, "ओ ताई, वाटी कोनाले देली, मले का भाऊले?"

इरा, निहार, ज्यांचे बाहुल्यांचे खेळ मी तुम्हाला तिकडे मोबाइलवर पाठवते, ते हेच देवरावभाऊ. जन्म एसटीच्या कंडक्टरकीत गेला आणि निवृत्त झाल्यावर आमच्या हिंगणी गावात येऊन हे सुरू झालं. दर रविवारी चार वाजता ओसरीवर निळी चादर ताणून बांधतात. मागे स्वयंपाकघराचं दार, पुढे अंगणात गावची पोरं. हात दोन आणि बाहुल्या पाच. राहिलेल्या बाहुल्या पोटाशी बांधलेल्या फळीला उलट्या टांगलेल्या असतात. हात आत गेला की त्यातला पटवारी उठतो, हात निघाला की पटवारी परत डोकं खाली. प्रत्येकाचा आवाज वेगळा. एक घसा एवढ्या माणसांना कसा पुरतो, याचं अख्ख्या गावाला नवल.

आणि चंपी. चिंध्यांची, एका शिंगाची बकरी. वाघ दरडावत असतो, पटवारी सातबारा शोधत असतो, आणि मधेच ही खालून डोकं काढून किनऱ्या आवाजात म्हणते, "मले इचारलं का कोनी?" पोरं लोळायचीच बाकी राहतात. तुम्हीसुद्धा व्हिडिओ पुढे ढकलत ढकलत चंपी येते तिथेच थांबता, हे मला ठाऊक आहे.

पण या माणसाचा कठोरपणा बघा. चंपी रंगात आली, की भाऊ कंडक्टरी आवाजात ओरडतात, "चल चंपे, तुहा स्टॉप आला! टिंग टिंग!" आणि तिला अर्ध्या वाक्यात खाली ओढतात. पोरं ओरडतात, "आबाजी, ठेवा ना चंपीले!" आबाजी ऐकत नाहीत. दिवाळीत ती निम्मा खेळ वर असायची. होळीपर्यंत पाच मिनिटं उरली, आणि मे महिन्यात मी घड्याळ लावून पाहिलं, तर जेमतेम दोन. निहारचा निरोप आला, "आजी, हा अन्याय आहे, आजोबांना सांग." मला अन्याय आवडत नाही. मी गेले.

"भाऊ, त्या बकरीला निदान पाच मिनिटं द्या."

"अर्ज करा," डाव्या हातावरचा पटवारी म्हणाला. "सोबत दोन झेरॉक्स जोडा."

"बकरी जास्त वेळ दिसली, तं मी काय उपाशी राहू?" वाघ म्हणाला.

"मी चंपीशीच बोलते. काढा तिला."

दोन्ही बाहुल्या एकदम थिजल्या. भाऊ स्वतःच्या आवाजात म्हणाले, "ते बाहेर नाई बोलत, ताई. लय भाव खाते."

मला राग आला. घरात कोणाला जीव लावणं यांना माहीतच नाही, असंच वाटलं. भाऊंच्या बायकोला, सुमनवहिनींना, दमा. खेळ चालू असताना त्या कधी अंगणात दिसल्या नाहीत. मला वाटे, नवऱ्याच्या या वेडाला कंटाळून चुलीपाशी बसत असतील.

पुढच्या रविवारी तर कहरच झाला. चंपी वर आली, "मले इचारलं..." म्हणाली आणि नाहीशी झाली. पोरांनी आकांत मांडला. वाघ मात्र एकटाच डरकाळ्या फोडत राहिला. फोडतोय, फोडतोयच. मी मोबाइल भिंतीला टेकवला, उठले आणि तरातरा पडद्यामागे गेले.

आणि जागीच उभी राहिले.

भाऊंच्या कोपराखाली, पाटावर, सुमनवहिनी बसल्या होत्या. एका हातात दम्याचा पंप, दुसऱ्याने उंबरा धरलेला. श्वास आत जायला तयार नव्हता. भाऊंचा उजवा हात पडद्यावर, त्यावर वाघ. डावा खाली, त्यावर चंपी, आणि ती चिंध्यांची चंपी वहिनींच्या पाठीवरून सावकाश वरखाली फिरत होती.

"जंगलात शांतता पाह्यजे!" वर वाघ गरजला. आणि लगेच खाली, कुजबुजत, "सावकाश घे व, घाई नाई. ताई, खाली बसा, सावली दिसते तुमची." पुन्हा वर, "कोन हसलं रे?"

मी खाली बसले, तेव्हा उमगलं, मघाचं चंपीचं वाक्य तुटलं होतं ते वहिनींचा श्वास अडकल्यामुळे. चंपीचा आवाज वहिनींचा होता. पहिल्या दिवसापासून.

श्वास ताळ्यावर आल्यावर वहिनींनी डोळे पुसले. "गावात सांगू नका, ताई. आमचा पोरगा आयकन, तं हे बोलनं बंदच करन माहं. आठवडाभर मी हे दोन मिनिटं बोलासाठीच उठतो."

"अन् तुम्ही इतके दिवस पोरांची बोलणी खाल्लीत?" मी भाऊंना विचारलं.

उत्तर वाघाने दिलं, पडद्यावरून खाली वाकून. "खाऊ द्या, ताई. वाघ होय मी, पचते मले."

निघताना वहिनींनी हात धरला. "तिकडच्या लेकराईले सांगजा. इथल्याईले नाई."

म्हणून हे लिहिलं. निहार, तुझी तक्रार मी पुढे नेलेली नाही. चंपीला किती वेळ द्यायचा ते घड्याळ ठरवत नाही, तिचा श्वास ठरवतो.

आणि एक करा. चंपी गेल्यावर वाघ उगाच डरकाळ्या फोडत बसतो, तो भाग तुम्हाला कंटाळवाणा वाटतो. तो पुढे ढकलू नका. तेवढा वेळ चंपी खाली कामावर असते.