यादीबाहेरचा कुकर

“कुकर येणार नाही म्हणजे नाही!” राजनने लॅपटॉप छायासमोर धरला. “यादीत छत्तीस वस्तू आहेत. त्यात कुकर कुठे दिसतोय का बघ.”

“अरे, मग वरण-भात काय तंबूच्या दोरीला टांगून शिजवू?”

“कॅम्पिंगला वरण-भात नसतो गं, बार्बेक्यू असतो. डोंगरात शांतता ऐकायची असते. तिथेही तुझी शिट्टी?”

या शिट्टीवर राजनचा जुनाच दात होता. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्याच्या ऑफिसने आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची मुभा दिली होती. मीटिंगमध्ये मॅनेजरबाईंनी तोंड उघडलं, की नेमका स्वयंपाकघरातून कुकर उत्तर द्यायचा. मधे दोन बंद दारं, कानांवर हेडफोन, तरी राजनला ती शिट्टी ऐकू यायची आणि तो ओरडायचा, “छाया, तो कुकर!”

“बरं,” छाया म्हणाली.

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. या ‘बरं’चा अर्थ एव्हाना राजनला कळायला हवा होता. तो मात्र खूश होऊन यादीवर टिकमार्क करत बसला.

शनिवारी दुपारी दोन कुटुंबं रास अल खैमाच्या डोंगरातल्या एका वादीत, म्हणजे घळीत, पोचली. दोन्ही बाजूंना उभे करडे कडे आणि मधे कोरड्या नदीचे गोटेच गोटे. गाड्या खाली ठेवून सामान वाहून न्यायचं होतं. राजनने आपली नवी कोरी स्लीपिंग बॅग मोठ्या दिमाखात खांद्यावर टाकली.

“अरुण, जरा उचलून बघ. याला म्हणतात क्वालिटी! वजनावरूनच कळतं.”

अरुण म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधला त्याचा मित्र. त्याने बॅग उचलून आदराने मान डोलावली. अरुणची बायको कुंदा छायाकडे बघून उगाचच खोकली.

तंबू उभे राहिले. राजन, अरुण आणि राजनची तेरा वर्षांची लेक मिहिका वादीच्या आतल्या टोकाला पाण्याचं डबकं बघायला निघाले. “साडेचारला परत,” राजनने जाहीर केलं. “साडेपाचला सूर्य मावळतो. काही लागलं तर वॉकीटॉकी आहेच. यल्ला, चला!”

डबकं सापडलं, फोटो झाले. परतीच्या वाटेने मात्र घात केला. येताना जी एकच वाट वाटली होती, तिला परतताना तीन-तीन फाटे फुटलेले. प्रत्येक वळण मागच्या वळणासारखं. फोनवरचा नकाशा नुसता गोल गोल फिरत होता.

“घाबरायचं कारण नाही,” राजन म्हणाला. त्याने वॉकीटॉकी काढून तोंडाशी धरला. “छाया, छाया, राजन बोलतोय. ओव्हर.”

“छाया, छाया, राजन बोलतोय. ओव्हर,” त्याच्याच पाठीवरच्या सॅकमधून आवाज आला.

मिहिकाने सॅकची चेन उघडली.

“पपा,” मिहिका हळूच म्हणाली, “बोथ आर विथ अस.”

“चार्जिंगला एकत्र लावले होते ना,” राजन पुटपुटला.

“खलास!” अरुणने एका दगडावर बैठक मारली. “दोन तास चालतोय रे. कुंदाला सांगा, माझ्या वाटचं बार्बेक्यू खाऊन टाक.”

एक फाटा धरला, तो कड्याला जाऊन भिडला. दुसरा धरला, तो पुन्हा डबक्याशीच. ऊन आता फक्त कड्यांच्या माथ्यावर उरलं होतं. एवढा वेळ भरभर पुढे चालणारी मिहिका मागे आली आणि तिने राजनचं बोट धरलं. शाळेत जायला लागल्यापासून तिने ते कधी धरलं नव्हतं. पोर आपल्या भरवशावर आली होती, आणि आपण छत्तीस वस्तूंची यादी करून वाटच हरवून बसलो होतो.

आणि तेवढ्यात शिट्टी झाली.

“कुकर!” अरुण उडालाच.

“शक्यच नाही. कुकर घरी ओट्यावर आहे.”

पुन्हा शिट्टी झाली. आधी थोडी फुरफुर, मग लांब आवाज आणि शेवटी एक उचकी.

“दॅट्स अवर कुकर, पपा!”

कड्यांमध्ये आवाज घुमत होता, त्यामुळे तो चहूकडून आल्यासारखा वाटे. मग मिहिकानेच युक्ती काढली. एका फाट्यात शिरायचं, पुढच्या शिट्टीला थांबायचं. आवाज मोठा झाला तर पुढे, बारीक झाला तर मागे. दोन शिट्ट्यांमधला वेळ राजनला खायला उठे. ज्या शिट्टीला तो आयुष्यभर शिव्या देत आला, तिची तो कानामागे हात धरून वाट बघत होता. “कर रे बाबा, अजून एक कर,” तो मनातल्या मनात कुकरला विनवत होता.

शेवटच्या वळणावरून तंबू दिसले तेव्हा अंधारून आलं होतं. स्टोव्हशेजारी छाया बसली होती आणि तिच्यामागे राजनची स्लीपिंग बॅग रिकामी, चपटी होऊन पडली होती. मिहिका धावत जाऊन आईला बिलगली. राजन एकदा बॅगेकडे बघे, एकदा कुकरकडे.

“किती शिट्ट्या झाल्या?” अखेर त्याने विचारलं.

“एकोणीस.”

“एकोणीस?” अरुण कळवळला. “वहिनी, भाताची पेज झाली असेल!”

“वरण-भात तिसऱ्या शिट्टीलाच उतरवला,” छाया म्हणाली. “मग नुसतं पाणी घालून कुकर परत चढवला. पुढच्या सोळा तुमच्यासाठी.” तिने राजनकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत होता. “दोन बंद दारं आणि हेडफोन असून तुला ऐकू येते. म्हटलं, डोंगरातून का नाही यायची?”

राजन तिच्याजवळ जाऊन बसला.

“सकाळच्या चहाचा गॅस मात्र संपला हं,” कुंदा म्हणाली.

चहाशिवाय डोळे न उघडणाऱ्या राजनने दुसऱ्या दिवशी चहा न घेताच कुकर घासला आणि स्वतः कडेवर घेऊन गाडीपर्यंत नेला.

सोमवारी मीटिंग ऐन रंगात असताना स्वयंपाकघरातून शिट्टी झाली. मॅनेजरबाई थबकल्या. छाया ओले हात पुसत दारात आली. “सॉरी, सॉरी, बंद करते.”

राजनने कानावरचा हेडफोन बाजूला सारला.

“राहू दे,” तो म्हणाला. “अजून एक होऊ दे.”