कंबरभर चढ

आमच्या कालव्याचं पाणी कंबरभर चढ चढून जातं, आणि याला जबाबदार माझे आजोबा, ओव्हरसिअर नत्थूजी बोरकुटे.

नदीतले खडक टाळून डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, पलीकडे न्यायचे, म्हणून सत्तर वर्षांपूर्वी हा कालवा खोदला. उंची मोजायला काठावर इंग्रजांच्या वेळचा खुणेचा दगड होता. गावाने त्याला शेंदूर फासला आणि देव जमिनीवर नको म्हणून कंबरेएवढ्या ओट्यावर बसवला. आजोबांनी हे पाहिलं, हात जोडले आणि मापाची पट्टी देवाच्याच डोक्यावर धरली. तिथून पुढचा कालवा तेवढाच उंच निघाला.

उद्घाटनाला पाणी चढाशी थांबलं. चूक कबूल करतील तर ते आजोबा कसले. पाण्यावरच ओरडले, "मोठ्यांसमोर असं उभं राहतात? चल वर."

पाणी चढलं.

तेव्हापासून रोज सकाळी आमच्या घरातलं एक माणूस तिथे जाऊन ओरडतं. आजोबांनंतर मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका. यंदा मोठेबाबांचा घसा बसला, तर मला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातून बोलावून घेतलं.

"दगड खाली ठेवा, कालवा पुन्हा खोदा," मी म्हणालो.

"देव उतरवू?" मोठेबाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हेच शिकून राहिला का बे तिथं?"

कालवा खात्याचे साहेब माझ्या नेमणुकीचा फॉर्म घेऊन आले.

"उमेदवाराचं वय?"

"बावीस."

"पाण्याचं?"

"मागच्या जूनचं आहे," मोठेबाबा म्हणाले.

"मग उमेदवार मोठा ठरतो." साहेबांनी सही केली.

सकाळी मी चढावर उभा राहिलो. ओरडलो नाही. म्हणालो, "चूक आजोबांची होती, तुझी नाही. जा खाली." पाणी मागे फिरलं की खोदकाम मंजूर होईल आणि मी परीक्षेला सुटेन, असं माझं गणित.

पाणी थबकलं. आमच्या घरातलं माणूस असं बोललेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. मग ते आपणहून चढलं, रोजच्यापेक्षा हातभर जास्त.

पुढच्या आठवड्यात मोठेबाबांचा घसा मोकळा झाला. ते ओरडून आले. पाणी हललं नाही.

"तुझंच ऐकते ते," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

साहेबांनी फाइलवर लिहिलं : बदली शक्य नाही.

जूनमध्ये नवं पाणी आलं. जुन्याने त्याला सगळं सांगून ठेवलं होतं.

डोंगे वेळेवर जातात. माझी परीक्षा बारा एप्रिलला होती. मी दिली नाही.