फ्लोराकाकींचा तिसरा तारा

दर शनिवारी दिवस मावळला की आमच्या शेजारच्या फ्लोराकाकी अंगणात येऊन आभाळाकडे तोंड करून उभ्या राहतात. तीन तारे दिसले की त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, संपतो. दोनवर भागत नाही. एकदा मला त्यांच्या हातच्या चहाची घाई झाली होती, म्हणून मी डोंगरावरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा दाखवला. "तो टावर हाय गो सुमन! देवाला फसवतेस का मला?" असं म्हणून त्यांनी मला चांगलंच ताटकळत ठेवलं.

काकी ज्यू, म्हणजे बेने इस्रायली. सापगावात हे एकच घर. सासऱ्यांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी घाण्याच्या बैलालाही सुट्टी असे. घाणा गेला, बैल गेला, काकाही गेले; सुट्टी तेवढी राहिली. शनिवारचं सगळं शुक्रवारी दुपारीच रांधून होतं. मग शेगडी नाही, बटण नाही, फोन नाही. दुसऱ्याला कामही सांगायचं नाही. पण सुचवायला बंदी नसावी. "काय बाय अंधार पडलाय," असं त्या भिंतीला सांगतात आणि मी जाऊन दिवा लावते. "आज उकडतंय जरा," म्हणजे पंखा. इतक्या वर्षांत मी ही भाषा शिकले आहे.

लेक रूथ इस्रायलला असते. तिथे राहून शब्बाथ न पाळणारा जावई आणि इथे सापगावात पाळणारी सासू, असा सगळा उलटा कारभार! पौषात, म्हसा गावच्या जत्रेच्या सुमारास रूथचे दिवस भरत आले होते. याआधी दोनदा मूल हाती लागलं नव्हतं, आणि दोन्ही वेळा ते काकींना फोनवरच कळलं होतं.

फोन वाजला तो नेमका शनिवारी. मी काकींच्या ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. फळीवरचा फोन वाजून वाजून थांबला. मी वाट बघितली. आता म्हणतील, "काय बाय आवाज करतोय." काकी गप्प. पुन्हा वाजला, तरी गप्प. तिन्हीसांजेला तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तर त्या उठून अंगणात निघून गेल्या.

मला रागच आला. एवढं कसलं सोवळं! तावातावाने मागे गेले, तर काकी आभाळाकडे बघतच नव्हत्या. तोंडाला पदर लावून जमिनीकडे बघत उभ्या होत्या. तेव्हा कळलं, शब्बाथ नुसतं निमित्त होतं. बाईला भीती वाटत होती.

मी कोणी न सुचवता आत जाऊन अजून वाजत असलेला फोन घेतला.

"पोरगी झाला! दोघं एकदम बरा!" जावई मोडक्या मराठीत ओरडत होता. मीही तशीच ओरडत बाहेर आले.

काकी पायरीवर बसल्या आणि पोटभर रडल्या. मीही रडून घेतलं. मग डोळे पुसून त्या उठल्या. "शिरा करू गो. तोंड गोड नको कराया?"

"काकी, अजून दोनच तारे आहेत."

त्यांनी आभाळभर नजर फिरवली. मग डोंगरावरच्या टॉवरच्या दिव्याकडे बोट केलं.

"त्यो बघ तिसरा," म्हणाल्या आणि रवा काढायला आत गेल्या.